सीटखालचा स्विच

इंजिन चालू होईना, याचा ठपका आधी बॅटरीवर आला, मग पेट्रोलवर, आणि शेवटी थोरल्या बाईंच्या वयावर.

वयाचा विषय काढणारा त्यांचा मुलगा होता. सकाळपासून तो शेडच्या दाराला टेकून हाताची घडी घालून उभा होता. घरामागचे गवत गुडघ्याला लागत होते आणि ते कापायचा छोटा ट्रॅक्टर पाच महिने ताडपत्रीखाली झाकून ठेवलेला होता. यजमान गेल्यापासून मुलाने एकच धोशा लावला होता : घर विकू, तू माझ्याकडे चल. "माझं आवार सांभाळायला मी खंबीर आहे," असे थोरल्या बाईंनी ठणकावले, तेव्हा त्याने त्यांना शब्दात पकडले.

"मग शनिवारी माझ्यासमोर स्वतः ट्रॅक्टरवर बसून गवत काप. जमलं तर मी पुन्हा विषय काढणार नाही. नाही जमलं तर सामान बांधायचं."

आज शनिवार होता.

"पेट्रोल शिळं झालं असणार," मिस्त्री बॉनेट उघडत म्हणाले. गावातली निम्मी यंत्रे त्यांच्या हाताखालून गेलेली होती.

"टाकी मी रिकामी करून ठेवली होती. हे आज सकाळी ओतलंय."

"मग बॅटरी बसली असेल."

"ती हिवाळाभर माझ्या स्वयंपाकघरातल्या फळीवर होती. दर महिन्याला चार्ज केलीय. प्लग काढून आत चमचाभर तेलसुद्धा सोडलं होतं. आणखी काही विचारायचंय?"

मिस्त्री हसले. "थोरल्या बाई, माझ्या दुकानातल्या पोरांना शिकवायला या."

"आधी इथलं काम उरका. पोरांचं मग बघू."

हे सारे त्या तीस वर्षे नुसत्या पाहून शिकल्या होत्या. डबा धरायचा, फडके द्यायचे, सांडलेले तेल पुसायचे. इतकाच त्यांचा अधिकार. एकदा त्या गंमत म्हणून सीटवर टेकल्या, तर यजमानांनी चारचौघांत आवाज चढवला होता, "ऊठ! ही तुझी जागा नव्हे." त्या उठल्या होत्या. त्या उठण्याचा राग त्यांनी इतकी वर्षे लोणी कढवावे तसा मंद आचेवर ठेवला होता. तो ना उतू गेला होता, ना निवला होता.

मिस्त्रींनी कार्बोरेटर खोलून धुतला. फिल्टर झटकला. थोरल्या बाई सीटवर बसल्या आणि त्यांनी चावी फिरवली. स्टार्टर खडखडला, इंजिन गरगरले, पण पेटले नाही. दुसऱ्यांदा नाही. पाचव्यांदाही नाही. सीट त्यांना विलक्षण टोचत होती, जणू गादीखाली हाडे होती.

"आई, पुरे आता. हसं होतंय."

"कोणाचं? हसणारा तर इथे तू एकटाच दिसतोस."

त्या खाली उतरल्या. ठिणगी पडते की नाही ते पाहावे म्हणून मिस्त्रींनी चाकाजवळ उभ्याउभ्याच चावी फिरवली.

इंजिन पहिल्याच फेऱ्यात पेटले.

मुलगा काही म्हणणार होता; पण मिस्त्रींनी घाईघाईने चावी मागे फिरवली. त्यांचा चेहरा उतरला होता.

"असं व्हायला नको," ते म्हणाले. "सीटखाली एक स्विच असतो. वर माणूस बसला की तो दाबला जातो, तरच इंजिन पेटतं. चालवणारा खाली पडला तर पाती थांबावीत म्हणून. रिकाम्या सीटवर हे चालू होता कामा नये."

"अडकला असेल स्विच," मुलगा म्हणाला.

मिस्त्रींनी स्विचच्या तारांना छोटा दिवा जोडला; स्विच दाबला गेला तरच तो लागणार होता. सीट रिकामी होती आणि दिवा लागला होता. थोरल्या बाई बसल्या. दिवा विझला. उठल्या. लागला.

"उलटंच आहे सगळं," मिस्त्री पुटपुटले. त्यांनी पिशवीतून नवा स्विच काढून बसवला. तेच झाले. मग त्यांनी स्विच काढूनच टाकला आणि दोन्ही तारा एकमेकींना पिळून जोडल्या. आता सीटवर कोणी असो वा नसो, इंजिनाला काही कळायचे कारण नव्हते.

थोरल्या बाई बसल्या. इंजिन मेले ते मेलेच. त्या उतरल्या, मिस्त्रींनी चावी फिरवली. इंजिन गुरगुरू लागले.

मिस्त्रींनी ते बंद केले आणि पान्हे एकेक करून पिशवीत भरायला सुरुवात केली.

"कुठे निघालात?"

"थोरल्या बाई, चाळीस वर्षं हेच करतोय. पण हे काम माझ्याच्यानं होणार नाही." ते बोलत होते त्यांच्याशी, पाहत होते सीटकडे.

थोरल्या बाईंनीही तिकडे पाहिले. सीटखालच्या दोन्ही स्प्रिंगा दबल्या होत्या. रिकामी सीट चांगली चार बोटे खाली बसली होती, आणि गादीच्या मधोमध खळगा होता.

"जुन्या झाल्यात स्प्रिंगा," मुलगा म्हणाला. त्याचा आवाज मात्र बारीक झाला होता. "आई, चल. घरात चल. कपडे भरायला घेऊ."

त्यांना भीती वाटली नाही. त्यांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. घर त्यांनी झाडले, पोर त्यांनी वाढवले, दुखणाईताच्या उशाशी रात्री त्यांनी काढल्या. आणि आता याच एका फूटभर जागेपायी त्यांना घराबाहेर काढायचे?

"तुम्ही दोघं मागे व्हा," त्या म्हणाल्या.

"आई, अगं..."

"मागे हो म्हटलं ना!"

त्या ट्रॅक्टरजवळ गेल्या. पदर खोचला. आणि यजमानांशी आयुष्यात ज्या स्वरात एकदाही बोलल्या नव्हत्या, त्या स्वरात रिकाम्या सीटला म्हणाल्या,

"अहो, उठा."

काही झाले नाही.

"ऐकू येतंय तुम्हाला. फार बसलात. उठा म्हणते मी."

स्प्रिंग कुरकुरली.

सीट वर आली. एकदम नाही. गुडघे धरलेला माणूस उठावा तशी. एक बोट, थांबून दुसरे, मग उरलेली दोन. खळगा भरून आला.

मिस्त्रींची पिशवी हातातून निसटली.

थोरल्या बाई चढल्या आणि बसल्या. गादी ऊबदार होती. त्यांनी चावी फिरवली.

इंजिन पेटले.

"बरं," मुलगा कसाबसा म्हणाला. "राहा तू. मी नाही काढणार विषय."

त्यांनी त्याच्याकडे वळूनही पाहिले नाही. ट्रॅक्टर शेडबाहेर काढला आणि पाती खाली सोडली. पहिली ओळ सरळ गेली. उन्हात कापल्या गवताचा हिरवा वास उठला. कुंपणाशी वळताना त्यांच्या ओठांवर, कित्येक महिन्यांनी, हसू आले.

मग त्यांची नजर उजवीकडे गेली.

चाकापासून हातभर अंतरावर, न कापलेले गवत एका जागी आडवे झाले. मग थोडे पुढे. मग आणखी पुढे. वारा नव्हता. गवत पावलागणिक दबत होते, ट्रॅक्टरच्या बरोबरीने.

थोरल्या बाईंनी वेग वाढवला.

गवतातल्या पावलांमधले अंतरही वाढले.