प्रश्नचाळकाने टाकलेले प्रश्न

राज्य गुणमापन केंद्राच्या नवव्या मजल्यावर इतका गारवा होता, की रेवती मडावीने पदर खांद्यांभोवती लपेटून घेतला. गारवा यंत्रासाठी होता, माणसांची तिथे कुणाला फिकीर नव्हती.

गडचिरोलीच्या जंगलातल्या जिल्हा परिषद शाळेत ती चौथीला शिकवायची. तिची अठ्ठावीस मुलं यंदा अपूर्णांक तोंडी सोडवत होती, उतारा वाचून त्यावर वाद घालत होती. आणि शाळा राज्यात शेवटून तिसरी आली होती. शाळा बंद करण्याची नोटीस घेऊनच ती आली होती.

"तुमच्या मुलांना येतं, हे मला मान्य आहे, बाई," डॉक्टर खांबेटे म्हणाले. प्रश्नपत्रिका काढणारं प्रश्नचाळक यंत्र त्यांनीच बांधलं होतं. "खरी अडचण तीच आहे."

"म्हणजे?"

"परीक्षेने मुलांची वरपासून खालपर्यंत रांग लावायची असते. सगळ्यांना येणारा प्रश्न रांग लावत नाही. म्हणून राज्यातल्या दहापैकी आठ मुलांनी सोडवलेला प्रश्न चाळक टाकून देतो. शिक्षकांनी अपूर्णांक नीट शिकवले, तिसऱ्या वर्षी अपूर्णांक गेले. मग क्षेत्रफळ गेलं. मग उतारे."

"आम्ही जे चांगलं शिकवू, ते परीक्षेतून जाणार?"

"गणित तसंच सांगतं."

"मग उरलं काय?"

खांबेट्यांनी मान खाली घालून यंदाची प्रश्नपत्रिका पडद्यावर आणली. विमानात हातातली बॅग कुठे ठेवतात? सूप कोणत्या चमच्याने पितात? रेवतीने चाळीसच्या चाळीस प्रश्न शांतपणे वाचले.

"हे शाळेत कुणी शिकवत नाही, म्हणून टिकलं," ती म्हणाली. "पीएचडी ना तुम्ही? कशात?"

खांबेट्यांचे कान लाल झाले. माणूस दुष्ट नव्हता, फक्त सात वर्षं स्वतःच्या यंत्राकडे कौतुकाने बघत बसला होता. आता त्यांना काहीतरी करून दाखवायचं होतं. त्यांनी संचालक उपासे यांना बोलावून घेतलं.

"सर, चाळकाला विचारतो, की हीच रांग लावायला कमीत कमी किती प्रश्न पुरतील. उत्तर ऐकलंत की ही परीक्षा तुम्हीच रद्द कराल."

यंत्राने लाखो उत्तरपत्रिका चाळल्या. पडद्यावर आकडा उमटला: एक. आणि तो प्रश्न मुळी प्रश्नपत्रिकेत नव्हताच. उत्तरपत्रिकेच्या माथ्यावर एक रकाना असे, तो चाळकाने उचलला होता. पालकांचे शिक्षण.

खांबेटे संचालकांच्या चेहऱ्यावर लाज शोधत होते. रेवतीने तो खटाटोप केला नाही. असे चेहरे तिने तपासणीच्या दिवशी पुष्कळ पाहिले होते.

"वा!" उपासे म्हणाले. "म्हणजे परीक्षेची गरजच नाही. ही माहिती जनगणनेत असतेच की!"

"सर, मला दाखवायचं होतं, की आपण शिक्षण मोजतच नाही—"

"आपण अचूक मोजतो, डॉक्टर. तुमच्याच यंत्राने सिद्ध केलं. शिवाय गावातल्या प्रौढांचं शिक्षण काही दरवर्षी बदलत नाही. पुढचे निकाल आत्ताच लावता येतील." ते रेवतीकडे वळले. "मॅडम, तुम्ही एवढ्या लांबून आलात, तुमच्या शाळेपासूनच सुरुवात करू."

त्यांनी बटण दाबलं. आमच्या मुलांना एकदा भेटा, असं म्हणायला रेवतीने तोंड उघडलं होतं, पण यंत्रातून कागद बाहेर पडायलाही लागला होता. पुढच्या पंधरा वर्षांचे चौथीचे निकाल त्यावर छापलेले होते. दरवर्षी शेवटून तिसरा क्रमांक. खाली शाळा बंद करण्याची कायमची शिफारस.

तिने पंधराव्या वर्षाच्या ओळीवर बोट ठेवलं. "या वर्गातली मुलं अजून जन्मालाही आलेली नाहीत, साहेब."

"निकालात त्याने काही फरक पडत नाही," उपासे प्रेमाने समजावत म्हणाले.

"हे वाक्य मला लिहून द्या. गावात वाचून दाखवायचंय."

खांबेटे खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. उपासे यांना मात्र यात काहीच वावगं दिसलं नाही. त्यांनी कागदाच्या पाठीवर ते वाक्य सुवाच्य अक्षरात लिहिलं, खाली सही केली आणि शिक्का नीट उमटला नाही म्हणून पुन्हा एकदा मारला.