वळणापाशी पाणी किती

पटलं तर घ्या, नाहीतर सोडा. पण हे माझ्या सख्ख्या मामाच्या बाबतीत घडलंय. आणि खोटं बोलावं इतकी किंमत मामा कोणालाच देत नाही.

बंदराच्या नोकरीत नदीची खोली मोजायचं त्याचं काम. आमची नदी डोंगरातून ऐटीत येते, शहराला वळसा घालते आणि बंदराच्या तोंडाशी सगळा गाळ ओकते.

"भाषणात जीवनदायिनी, प्रत्यक्षात गटार," मामा म्हणायचा.

त्या संध्याकाळी धुकं उतरलं होतं. जुन्या गोदामाच्या वळणावर, जिथे पूर्वी प्रवाशांची होडी बुडाली होती, तिथे मामाने लाँचमधून दोरीला बांधलेलं शिशाचं वजन पाण्यात सोडलं.

"तीन मीटर!"

चूक होऊ नये म्हणून लाँचवाला आकडा मोठ्याने परत म्हणायचा.

"तीन!"

"तीन..." धुक्यातून कोणीतरी म्हणालं.

लाँचवाल्याचा चेहरा पांढरा पडला. "साहेब, ही त्या होडीतली माणसं..."

"प्रतिध्वनी आहे, बैलोबा. शाळेत काय माशा मारल्यास? आणि जिवंतपणी ज्यांना पोहता आलं नाही, ते मेल्यावर काय दिवे लावणार?"

मामाने पुन्हा दोरी सोडली. वजन अजून तळाला टेकलंही नव्हतं...

"दोन."

दोरी ढिली पडली. पाणी दोनच मीटर होतं.

इंजिन थरथरत होतं, पण त्याची धडधड ऐकू येईना. पाण्याचाही आवाज नाही.

"कोण आहे रे? हिंमत असेल तर समोर ये!"

"एक..."

आता आवाज जवळून आला. खालून.

"साहेब, माघारी फिरू या," लाँचवाला रडकुंडीला आला.

"गप, भित्र्या!" म्हणत मामाने दोरी सोडली.

एक मीटर.

मग अगदी पायांखालून, कुजबुजल्यासारखं...

"आलो."

आणि लाँचच्या तळाला हात लागले. एखाददुसरा नाही... या टोकापासून त्या टोकापर्यंत, तळवेच तळवे. चाचपडणारे.

लाँच कशी फिरवली, ते लाँचवाल्याला आजही आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या लोकांनी तिथे मोजलं. नऊ मीटर पाणी. गाळाचा पत्ता नाही.

"गाढवं आहेत," मामा म्हणाला. पण आवाजात जोर नव्हता.

तेव्हापासून मामा कुठलाच आकडा तोंडाने उच्चारत नाही. चहात साखर किती विचारलं, तरी बोटं दाखवतो.

मी एकदा हसलो. "मामा, घाबरलास होय?"

आणि शिवीची वाट बघत बसलो.

त्याने शिवी दिली नाही. उठला... आणि नदीकडची खिडकी लावून घेतली.

मीही ती पुन्हा उघडलेली नाही.