धरलंय रे

आधीच सांगून ठेवतो, ही ऐकीव गोष्ट नाही. ज्याच्या बाबतीत घडली तो लेनी पिएट्रास आमच्या समोरच्या घरात राहतो. त्यातला एक प्रकार तर मी स्वतः पाहिलाय.

आणि भुतं फक्त रात्रीच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी ऐका... हे सगळं भर दिवसा घडलं. ऑगस्टच्या रणरणत्या उन्हात, मिशिगनमधल्या आमच्या वायनडॉट गावात, गॅरेजचं दार सताड उघडं असताना.

गाडी लेनीची नव्हती. थोरल्या भावाची, कॅझची. अडुसष्ट सालची हिरवी पॉन्टियॅक. इंजिन सुरू झालं की आमच्या खिडक्यांच्या काचा थरथरायच्या. शेवटी शेवटी कॅझच्या फुप्फुसांनी दगा दिला आणि गाडी ताडपत्रीखाली गंजत पडली. हिवाळ्यात तो गेला. जाण्याआधी त्याने लेनीकडून शब्द घेतला.

"माझी लेक ऑड्रा लग्नाला याच गाडीतून चर्चमध्ये जाईल. तू चालवशील. काय?"

"जाईल रे बाबा."

ते एक 'जाईल' लेनीच्या मानगुटीवर बसलं.

इंजिन झालं. पत्रा झाला. रंग झाला. घोडं अडलं ते ब्रेकवर.

जुने ड्रम ब्रेक काढून पुढच्या चाकांना डिस्क बसवायचे, हे लेनीने ठरवलं. कॅझ असता तर घर डोक्यावर घेतलं असतं. मूळ गाडीचा एक नट बदललेला त्याला खपायचा नाही. लेनीने तर स्टीअरिंगही बदललं. तडे गेलेलं कडक प्लास्टिकचं जुनं चाक भिंतीवर टांगलं आणि जाड, मऊ चामड्याचं नवं बसवलं.

ते चामडं लक्षात ठेवा.

ब्रेकच्या नळ्यांत हवा राहिली की पॅडल भुसभुशीत लागतं. पाय सरळ तळाला जातो. ती हवा काढायला दोन माणसं लागतात. एक आत बसून पॅडल दाबतो, दुसरा चाकाशी आडवा होऊन स्क्रू सोडतो.

खालचा ओरडतो, "दाब! धर!"

आतला म्हणतो, "धरलंय."

मग स्क्रू सोडायचा, बुडबुडे निघाले की आवळायचा आणि ओरडायचं, "सोड!" त्याआधी आतल्याने पाय उचलला, की हवा पुन्हा आत. सगळी मेहनत पाण्यात.

मिसरूड फुटल्यापासून आत कॅझ आणि खाली लेनी. लेनीचा त्याच्यावर काडीचा विश्वास नसायचा. तो खालून बोंबलायचा, "धरून ठेव!" आणि कॅझ वरून ठरलेलं उत्तर द्यायचा.

"धरलंय रे, बोंबलू नकोस!"

आणि वैतागून बोटातली अंगठी स्टीअरिंगवर आपटायचा. टक... टक... टक.

आता कॅझच्या जागी लेनीची बायको बसत होती, डोरीन. बुटकी. सीट पार पुढे ओढल्याशिवाय तिचा पाय पॅडलला पोचायचा नाही.

"लेनी, माझ्या पोटऱ्यांचे गोळे झालेत. लग्नात नाचायचंय मला, लंगडायचं नाहीये."

"अजून एकदाच. दाब."

"हे तू सकाळपासून म्हणतोयस! पॅडल आहे की स्पंज केक?"

ती दाबत होती, तो स्क्रू सोडत होता. स्वच्छ तेल येत होतं, एक बुडबुडा नाही. तरी पॅडल तळाला. लेनीच्या कोपरावर तेल, डोळ्यात घाम. एकदा तर त्याने पाना असा भिरकावला की तो रस्त्यापलीकडे माझ्या हिरवळीत येऊन पडला. लग्नाला आठवडा उरला होता आणि माणूस रडकुंडीला आला होता.

"मी आलेच," डोरीन म्हणाली आणि उतरली. लेनीने मान वर केली नाही. पाना घेऊन आला आणि पुन्हा पुढच्या चाकाशी आडवा झाला.

थोड्या वेळाने...

सीटच्या स्प्रिंगा करकरल्या.

"आलीस? दाब."

पॅडल खाली गेलं. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा. जोरदार, दमदार दाब.

"धर!"

"धरलंय..."

आवाज घोगरा होता. दमली असेल बिचारी, लेनीला वाटलं. त्याने स्क्रू सोडला. तेल आलं. आवळला. पुन्हा. पुन्हा. असं काम दिवसभरात झालं नव्हतं.

मग वरून आवाज यायला लागला.

टक... टक... टक.

"ठोकू नकोस गं, डोकं उठतंय माझं!"

आवाज बंद झाला.

तेवढ्यात त्याला रस्त्यावरून येणारी पावलं दिसली. डोरीनची. हातात खाटकाकडची पिशवी.

"काय गर्दी ती! एवढ्याशा सॉसेजसाठी ताटकळले मी. आणि कुणाशी बोलतोयस?"

लेनी उठून उभा राहिला. गाडीत कुणी नव्हतं.

सीट मात्र...

सीट पार मागे सरकलेली होती. कॅझ सहा फुटांच्या वर होता.

लेनीने नव्या स्टीअरिंगवर अंगठी आपटून पाहिली. धप. मऊ चामडं. टक आवाज येणारच नाही. त्याने भिंतीकडे पाहिलं. जुनं चाक खिळ्यावर होतं... आणि हळूहळू झुलत होतं. झुळूकसुद्धा नव्हती.

तुम्ही असतात तर पळाला असतात. लेनीने आधी पॅडल दाबून पाहिलं! पॅडल टणक लागलं. त्याला इतका आनंद झाला की भीती वाटायची राहूनच गेली.

दुसऱ्या दिवशी पॅडल पुन्हा तळाला.

तेव्हा त्याचं टाळकं सटकलं. बॉनेटवर मुठी आपटत तो रिकाम्या सीटवर ओरडला, "कॅझ! डिस्क नकोत म्हणून अडवतोयस ना? मेलास तरी हेका सुटेना तुझा! लेक तुझी आहे, माझी नाही! मदत करायची तर कर, नाहीतर चालता हो!"

दमून तो बॉनेटला टेकला.

मग... कानाच्या अगदी जवळ...

"उलटं."

एवढंच.

लेनीला वाटलं, चाकांचा क्रम उलटा घ्यायचा असेल. त्याने डोरीनच्या पाया पडून तिला बसवलं, उलट्या क्रमाने चारही चाकं केली. पॅडल तसंच. मागून पुढे केलं, पुढून मागे केलं. तसंच. आठवडाभर हाच उद्योग. शेवटी त्याने हात टेकले. दोनदा पटापट दाबलं की ब्रेक लागत होता. चर्च गावातच आहे, सावकाश जाऊ, असं त्याने स्वतःला समजावलं. डोरीनला हे सांगितलं नाही.

लग्नाच्या सकाळी आम्ही सगळे त्यांच्या दारात. मी सूट घालून मागेच उभा होतो. पांढऱ्या झग्यात ऑड्रा गाडीत बसली, डॅशबोर्डवर हात फिरवला आणि तिचे डोळे भरून आले.

"बाबा असायला हवे होते ना, काका?"

"रडू नकोस गं, मेकअप जाईल. चल, निघू."

लेनीने गाडी रिव्हर्समध्ये टाकली. इंजिन गुरगुरलं. गाडी जागची हलेना.

"ब्रेकवरचा पाय काढ!" डोरीन मागून ओरडली.

"काढलाय!"

"दिवे लाल आहेत, लेनी! काढ पाय!"

मागचे दिवे मीही पाहिले. लालभडक.

लेनीने दोन्ही पाय उचलून सीटवर घेतले. मांडी घातली, खोटं नाही सांगत.

दिवे तसेच लाल.

त्याने खाली पाहिलं. पॅडल... आपोआप तळाशी दाबलेलं होतं.

ऑड्राने हळूच विचारलं, "काका... हा टकटक आवाज कसला?"

लेनीने इंजिन बंद केलं. वरात खोळंबलेली, पाद्री वाट बघतोय, ऑड्राचा चेहरा पडलेला. भावाला दिलेला एकुलता एक शब्द सगळ्या गल्लीसमोर मोडला होता. एवढा मोठा माणूस, दात-ओठ खात त्याने नवरीला बायकोच्या छोट्या गाडीत बसवलं. "हाच तुझा आशीर्वाद का रे?" असं पॉन्टियॅककडे बघून तो म्हणाला, ते मी ऐकलं.

चर्चच्या वाटेवर आमचं रेल्वे फाटक आहे. लेनी घाईत होता, वेगात होता. घंटा वाजली, फाटकाचा दांडा खाली यायला लागला. त्याने ब्रेक दाबला.

डोरीनची गाडी जागच्या जागी थांबली. नाकासमोरून मालगाडी धडधडत गेली.

त्याने ब्रेक एकदाच दाबला होता. दोनदा दाबायला वेळच नव्हता. ऑड्रा शेजारी बसून केस सारखे करत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने पुढची चाकं काढली आणि नुसता बघत बसला. खूप वेळ बसला.

मग दिसलं.

डिस्क आवळणारा डावा कॅलिपर उजवीकडे. उजवा डावीकडे. बसतात दोन्हीकडे, तोच तर घोळ. पण मग हवा काढायचा स्क्रू खाली जातो, आणि हवा तर वर चढते. वर्षभर काढली असती तरी निघाली नसती.

उलटं.

लेनी गॅरेजच्या फरशीवर बसून ढसाढसा रडला, असं डोरीन सांगते.

अदलाबदल केल्यावर चार दाबांत पॅडल दगडासारखं झालं. डोरीनला मोकळं करून तो एकटा आत बसला आणि म्हणाला, "झालं, कॅझ. ब्रेक नीट झाले. सोड आता."

ऑड्राला त्याने त्या गाडीतून नदीकाठाने फिरवून आणलं. ती खूश. लेनीने मात्र गाडी पुन्हा ताडपत्रीखाली घातली. मला त्याने चालवून बघायचा आग्रह केला होता, मी काहीतरी थाप मारून टाळलं.

परवा कुंपणापाशी मी त्याला विचारलंच, "अरे, एवढे ब्रेक जमलेत, मग चालवत का नाहीस?"

"ब्रेक छान आहेत," लेनी म्हणाला. "फक्त... सिग्नल आला की माझा पाय पोचायच्या आधीच पॅडल खाली गेलेलं असतं. दर वेळी."

"मग?"

"मग काय! वैताग आला. शेवटी भर चौकात ओरडलो, सोड म्हणून."

तो गॅरेजकडे बघत राहिला.

"म्हणाला... बोंबलू नकोस."