पहिल्या हाकेला

मिहिकाचा शाळेचा प्रोजेक्ट होता, म्हणून त्या संध्याकाळी ती आणि तिचे आईबाबा, वासंती नि अरुण, अशी तिघं आखातातल्या अजमान शहरातल्या आपल्या बिल्डिंगच्या गच्चीवर आली. नवे अंतराळवीर नुकतेच वरच्या अंतराळ स्थानकात जाऊन पोचले होते आणि ते स्थानक मगरीबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजाच्या सुमारास डोक्यावरून जाणार होतं. अरुणने मित्राकडून रेडिओ मागून आणला होता. नुसता ऐकायचा, त्यातून बोलायची सोयच नव्हती.

वासंतीला मात्र तिन्हीसांजेचं हे गच्चीवर येणं मुळीच आवडलं नव्हतं. तिच्या कोकणातल्या गावी दिवेलागणीला कोणी हाक मारली, तर तिसऱ्या हाकेपर्यंत ओ द्यायची नसे; तिसऱ्यांदा हाक मारतो तो जिवंत माणूसच, असं म्हणत. तिचा धाकटा भाऊ दौलत पहिल्याच हाकेला 'ओ' म्हणून बाहेर पडला आणि दुसऱ्या दिवशी खाडीत सापडला. हे तिने मुलीला कधी सांगितलं नाही. इथल्या दिव्यांच्या झगमगाटात कोण येतंय मरायला, असं तिला वाटायचं.

बांग संपली. समुद्राच्या बाजूने एक पांढरा ठिपका वर सरकू लागला. अगदी मुकाट.

"यल्ला मिहिका, तो बघ! माणसं आहेत त्यात."

"आय कॅन सी इट, बाबा!"

रेडिओवर कुणाचं तरी तुटक इंग्रजी ऐकू आलं. मिहिकाने टाळ्या पिटल्या. मग खरखर एकदम थांबली आणि खाडीच्या चिखलाचा कुजका वास गच्चीभर पसरला.

"वासंती..."

आवाज दौलतचा होता. तोच, पोरसवदा. वासंतीने ओढणी तोंडात कोंबली. दुसरी हाक आली नाही. तिचा जीव भांड्यात पडतो न पडतो, तोच...

"मिहिका..."

"येस? आय ॲम हिअर!"

वासंतीचा हात पोचेपर्यंत पोरगी बोलून गेली होती. ठिपका पृथ्वीच्या सावलीत शिरला आणि विझला. अरुणला खरखरीपलीकडे काहीच ऐकू आलं नव्हतं.

"सिग्नल गेला, खलास," तो म्हणाला. "दीड तासात फेरी मारून परत येईल. दिसणार नाही, पण जाईल इथूनच."

घरी येऊन वासंतीने खिडक्या लावल्या, रेडिओचे सेल काढले, देवापुढे दिवा लावला आणि मिहिकाला मांडीवर घेऊन बसली. एवढी साधी गोष्ट आपण पोरीला सांगितली नाही, हे तिचं मन खात होतं.

"आता कोणीही हाक मारली तरी बोलायचं नाही. बाबांनी मारली तरी... कळलं?"

"ओके, आई."

मिहिका झोपली. दीड तास उलटला. कुठे काही आवाज नाही. वासंतीने भिंतीला पाठ टेकली.

तेवढ्यात मिहिकाने झोपेतच तोंड छताकडे वळवलं, कुणाचं तरी ऐकावं तसं.

"ओ..." ती म्हणाली.

जन्मात तिने कुणाला अशी ओ दिली नव्हती. वासंतीने तिला छातीशी घट्ट आवळलं, तेव्हा पोरीची पावलं तिच्या हाताला लागली. ती गार होती, आणि घोट्यापर्यंत ओल्या चिखलाने माखलेली.