दोनशे तेरावी फाईल

हे जिच्या बाबतीत घडलं, ती ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. थापा मारणं तिच्या स्वभावातच नाही.

रविवार होता. दुपारचे चार वाजायला आले होते.

तिचा भाऊ जाऊन आठ महिने झाले होते. त्याच्या कॉम्प्युटरमध्ये एक टार फाईल सापडली. शेकडो फाईली एकत्र बांधलेलं गाठोडंच ते.

वहिनी म्हणाली, "ह्यांचे फोटो असतील गं त्यात. सोडव ना एकदा."

तिचं तर रोजचंच काम. कमांडला आधी 'टी' लावून नुसती यादी बघायची, मग 'एक्स' लावून गाठोडं सोडायचं. भावानेच शिकवलं होतं.

यादीत दोनशे बारा नावं.

तिने 'एक्स'ला 'व्ही' जोडला. म्हणजे निघणारी प्रत्येक फाईल पडद्यावर दिसते. नावं भराभर सरकली...

निघाल्या दोनशे तेरा.

शेवटच्या नावाखाली इशारा होता. या फाईलची वेळ अजून यायची आहे.

तारीख आजची. चार वाजून दहा मिनिटं.

घड्याळात चार वाजून दोन मिनिटं झाली होती.

आवाजाची फाईल होती. तिने लावली.

खरखर... गोंगाट... आणि वहिनीचा लाडिक आवाज.

"आलात? किती वेळ लावलात!"

मग कप फुटला.

पुढचं ऐकायला ती थांबलीच नाही. फाईल बंद करून स्वयंपाकघरात धावली. वहिनी चहा गाळत होती. एकटीच.

"वहिनी, खाली चल. आत्ताच्या आत्ता!"

"अगं, चहा तरी पिऊ देशील?"

"कप घे हातात, पण चल!"

खाली फुटपाथवर लख्ख ऊन होतं. गाड्यांचे हॉर्न वाजत होते...

हॉर्न.

फाईलमधल्या त्या गोंगाटात हॉर्नच होते. सातव्या मजल्यावरच्या मागच्या बाजूच्या घरात हॉर्न कुठून येणार?

"वर चल, वहिनी! वर चल!"

वहिनीचं लक्षच नव्हतं. समोर कुणीही नव्हतं, तिकडे बघून ती हसत होती.

"आलात? किती वेळ लावलात!"

कप फुटला. वहिनी खाली बसली, ती उठलीच नाही.

"घरातच राहिली असती तर?" तिने डॉक्टरांना विचारलं.

फाईल अजून तिच्याकडे आहे. शेवटचे चाळीस सेकंद ऐकायचे राहिलेत.

परवा मी म्हटलं, "ऐकून टाक एकदाचं."

"माझ्या हाका असतील. त्या ऐकेन गं," ती म्हणाली. "पण त्यात दादा मला काही बोलला असेल तर?"