जुनी गाडी आवाज करणारच

ही गोष्ट खरी आहे.

रात्रीची नाही, हे आधीच सांगतो. रविवार होता, सकाळचे साडेदहा, लख्ख ऊन. डोंगरावरच्या तलावाकडे जाणारा रस्ता, त्यावरचं चौथं वळण, जिथे दगडी कठडा सुरू होतो. घडलं ते माझ्या सख्ख्या थोरल्या भावाच्या बाबतीत. त्याने मला ते एकदाच सांगितलं, पालथं झोपून. पाठ टेकवता येत नव्हती त्याला.

ज्याला हसायचं असेल त्याने खुशाल हसावं. मी हे का लिहितोय ते शेवटी कळेल.

दादाला वीस वर्षं क्रूझर मोटरसायकल हवी होती. लांबलचक, बसकी, पाय पुढे पसरून चालवायची. शेवटी एक वापरलेली मिळाली. काळी. टाकीवर डाव्या बाजूला मुठीएवढा पोचा. इंजिन मात्र ठणठणीत.

विकणारा चष्म्याच्या दुकानाचा मालक होता. खुर्चीच्या अगदी कडेवर बसला होता, पाठ न टेकवता.

"गाडीची काही तक्रार?" दादाने विचारलं.

तो गाडीकडे न बघताच म्हणाला, "जुनी गाडी आहे. काही ना काही आवाज करणारच. लक्ष देऊ नका."

गाडीवर सगळं जुनं होतं. फक्त चेनवरचं पत्र्याचं कव्हर कोरं करकरीत.

दादाने ते पहिल्याच दिवशी काढलं आणि भिंतीवरच्या खिळ्याला टांगलं. चेन उघडी दिसली की म्हणे गाडीला रुबाब येतो.

"नागडी दिसते हो ती," वहिनी म्हणाली. "लावा बघू परत."

"तुला त्यातलं काय कळतं?"

"मला सवतीतलं कळतं. हिला दर रविवारी आंघोळ घालता. मला कधी चहा तरी विचारलात?"

तेव्हापासून गाडीचं नाव सवत पडलं. वहिनीच्या जिभेला हाड नव्हतं, पण मनात काही नसायचं. घरात हसू असायचं ते तिच्यामुळे.

पहिल्या रविवारी दादा रॉकेल आणि जुना टूथब्रश घेऊन चेन साफ करायला बसला. मागच्या चाकाच्या दात्यांमध्ये काळं वंगण साचलेलं. खरवडता खरवडता ब्रशला काहीतरी अडकलं.

त्याने ओढलं...

लोकर होती. निळी. वीतभर.

जुन्या मालकाचा मफलर अडकला असेल, म्हणून त्याने ती फेकून दिली. पुढच्या रविवारी पुन्हा वीतभर निघाली. त्याच्या पुढच्या रविवारी हातभर.

आवाज सुरू झाला तो तलावाच्या रस्त्यावर. दादा एकटाच होता. चौथं वळण आलं आणि पाठीमागून...

किंकाळी.

बाईची. अगदी कानाशी. "थांबा! थांबा!"

दादाने करकचून ब्रेक दाबला. मागे वळून पाहिलं. सीट रिकामी. रस्ता रिकामा.

आणि पाठीत गुद्दा बसला.

मग दुसरा. मग तिसरा. कोणी तरी दोन्ही मुठींनी त्याची पाठ बडवत होतं. जिवाच्या आकांताने. तो हँडलवर आदळला, ओठ फुटला, गाडी त्याच्या पायावर आडवी झाली. तरी मार थांबेना. कसाबसा गाडी उचलून तो निघाला, आणि अर्ध्या किलोमीटरवर सगळं शांत झालं.

घरी येऊन शर्ट काढला. पाठ काळीनिळी. वहिनीला सांगितलं, "घसरलो."

खरं सांगितलं असतं तर तिने दुसऱ्या दिवशी गाडी विकायला लावली असती. वीस वर्षांचं वेड होतं ते. तोंडाशी आलेला घास कोण सोडतो?

त्याने गाडी नटबोल्टकडे नेली. नटबोल्ट म्हणजे आमचा मेकॅनिक. खरं नाव त्याच्या बायकोला तरी आठवत असेल की नाही, देव जाणे. त्याने चक्कर मारली, कान लावला, मागच्या चाकाचं बेअरिंग बदललं.

"आता?"

"आता येईल तेवढा आवाज तुमचा," नटबोल्ट म्हणाला. "साहेब, जुन्या गाडीचे आवाज ओळखायला शिकायचं असतं. कोणत्या आवाजाला थांबायचं, कोणत्याला नाही. एकदा कळलं की मग त्रास नाही."

दादा शिकला.

पुढच्या वेळी वळणावर किंकाळी आली तेव्हा तो पुन्हा थांबला, आणि त्या दिवशी बरगडीला चीर गेली. तिसऱ्या वेळी थांबला नाही. दात आवळले आणि अॅक्सिलरेटर पिळला. गुद्दे पडले, पण हलके होत गेले. अर्ध्या किलोमीटरवर शांत.

म्हणजे थांबायचं नाही. पळवायची.

तीन महिने तो असाच चालवत राहिला. दुसरा रस्ता का धरला नाहीस, असं मी विचारलं होतं. म्हणाला, "हरल्यासारखं वाटलं असतं." असा आमचा दादा. सुंभ जळेल, पीळ जाणार नाही.

पण वहिनीला त्याने कधी मागे बसवलं नाही. आज टायर, उद्या ब्रेक, रोज नवं कारण. शेवटी ती चिडली.

"सवतीला माझं ओझं होतं का हो? मला तलाव बघायचाय. या रविवारी. नाहीतर तुम्ही तिच्याशीच बोला आयुष्यभर."

दादाने रात्रभर विचार केला. आणि त्याला वाटलं, सीट रिकामी असते म्हणून ती येऊन बसते. वहिनी बसली तर तिला जागाच कुठे उरणार?

हे त्याला पटलं. खरंच पटलं. याच गोष्टीवर तो आजही भिंतीवर डोकं आपटतो.

रविवारी दोघं निघाले. वहिनीच्या डोक्यावर हेल्मेट, अंगात जॅकेट, चेन गळ्यापर्यंत ओढलेली. डोक्याला बांधलेला पिवळा रुमाल तिने हेल्मेटमध्ये नीट खोचला होता. मी फाटकापाशी होतो. मी स्वतः पाहिलंय. लोंबणारं, उडणारं काही नव्हतं तिच्या अंगावर.

पहिलं वळण गेलं. दुसरं. तिसरं. वहिनी गुणगुणत होती. तिचे हात दादाच्या कमरेला होते.

चौथं वळण आलं...

हात सुटले.

आणि किंकाळी.

मग पाठीत गुद्दे. दोन्ही मुठींनी. जिवाच्या आकांताने.

दादा मोठ्याने ओरडला, "घाबरू नकोस गं! थोडाच वेळ! जाईल ती!"

आणि त्याने अॅक्सिलरेटर पिळला.

गुद्दे पडत होते. नखं जॅकेट फाडून पाठीत शिरली. त्याने दात आवळले. मग गुद्दे हलके झाले. मग थांबले. गाडी एकदम हलकी झाली. तो मला म्हणाला, "मला बरं वाटलं रे. वाटलं, गेली."

तो तसाच पुढे गेला. मागून काहीतरी घासत येत होतं. जुन्या गाडीचा आवाज, असं वाटलं त्याला. मग मागचं चाक कचकन अडकलं आणि गाडी फरफटत कठड्यावर आपटली.

रस्त्यावर खडी दाबणारा एक रोलरवाला धावत आला. तो दादाला उचलत नव्हता. त्याच्यावर ओरडत होता.

"ती बाई केव्हाची मारत होती तुम्हाला! थांबला का नाहीत? अहो, थांबला का नाहीत?"

दादाने मागे पाहिलं.

वळणापासून चाकापर्यंत रस्त्यावर एकच लांब, लाल पट्टा होता. वहिनीच्या जॅकेटची चेन गळ्यापर्यंत लावलेली होती. पिवळा रुमाल हेल्मेटमध्ये जसाच्या तसा. आणि तिच्या गळ्याभोवती...

निळी लोकर.

तीन पेड. मानेत हाडापर्यंत रुतलेले. दुसरं टोक चाकाच्या दात्यांमध्ये.

पोलिसांनी लिहिलं, मफलर अडकून अपघात. आमच्या घरात निळा मफलर कधीच नव्हता.

नंतर मी चष्मेवाल्याच्या दुकानात गेलो. कुलूप होतं. शेजारच्या शिंप्याने सांगितलं, "बायको गेल्यापासून त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतंच. गाडीवरून पडली ना ती."

आता माझी चूक सांगतो.

पोलिसांनी सोडलेली गाडी माझ्या दारात आली. मला ती डोळ्यांसमोर नको होती. मोडीत काढायला हवी होती, जाळायला हवी होती. पण एक माणूस आला, हसतमुख, नवीनच लग्न झालेला. गाडीवरून हात फिरवत म्हणाला, "काही तक्रार?"

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "जुनी गाडी आहे. काही ना काही आवाज करणारच."

तो गाडी घेऊन गेल्यावर मी आत आलो. भिंतीवरच्या खिळ्याला चेनचं कव्हर तसंच लटकत होतं. मला द्यायचं सुचलंच नाही.

काल संध्याकाळी त्याचा फोन आला.

"गाडीला आवाज येतो हो. वळणावर."

"कसला आवाज?"

"बायकांचा. दोघी आहेत. एक थांबा थांबा करते."

"आणि दुसरी?" मी विचारलं.

"दुसरी फक्त... अहो, अहो म्हणते."

वहिनी दादाला अशीच हाक मारायची.  मी भिंतीवरच्या कव्हरकडे बघत राहिलो.

तो हसला. "पण मी शिकलोय आता. थांबलं की मार पडतो. पळवली की जातात. उद्या बायकोला तलाव दाखवायला नेतोय." आणि फोन ठेवला.

त्यानंतर मी चाळीस वेळा फोन लावला. उचलत नाही. घर कुठे, मला माहीत नाही. नटबोल्टला चौथ्या वळणावर पाठवलंय, पण तो वेळेत पोचेल की नाही, माहीत नाही. दादा आतल्या खोलीत पालथा पडलाय. त्याला मी काही सांगितलेलं नाही.

काळी क्रूझर. टाकीवर डाव्या बाजूला पोचा. चेनवर कव्हर नाही. कुठे दिसली तर आडवे व्हा, दगड मारा, काहीही करा, पण मागे बसलेल्या बाईला खाली उतरवा.

आज रविवार आहे. दहा वाजून वीस मिनिटं झाली आहेत, आणि त्याचा फोन अजून नुसता वाजतोय.