दांडा पुढे लावलेला होता

सांगितलं तेव्हा एकानंही खरं मानलं नाही. नणंद तर म्हणाली, "वहिनी, डोक्यावर परिणाम झालाय तुझ्या." होऊ दे. पोरांनो, तुम्ही ऐका.

आमचे मिस्त्री, म्हणजे माझे मालक, स्वतःच्या ट्रॅक्टरखाली गेले. जुनं डिझेल इंजिन, पुढून दांडा घालून हातानं फिरवायचं. शेड उतारावर, ब्रेक ढिला. म्हणून रात्री गाडी गिअरमध्ये लावायची आणि दांडा सीटवर ठेवायचा. गिअर काढल्याशिवाय दांडा पुढे लावायचा नाही, हा मिस्त्रींचा नियम. दांडा पुढे दिसला, की गिअर काढलाय असं समजायचं. तरी त्या पहाटे गाडी गिअरमध्येच होती. थंडीत तेल घट्ट होतं, इंजिन तसंही जड फिरतं, गिअर राहिलाय ते हाताला कळत नाही. सुरू झालं आणि अंगावर आलं. सगळे म्हणाले, मिस्त्रीच विसरले. माझा भाऊ बारक्या सगळ्यात मोठ्यानं म्हणाला. "मी दांड्याला हातसुद्धा लावला नव्हता, ताई!"

वर्ष भरायला एक दिवस उरला होता. पहाटेचे चार. दुधाचे कॅन पोचवायचे होते. रात्री काढून ठेवलेलं तेल मी चुलीवर कोमट केलं, शेडमध्ये नेऊन इंजिनात ओतलं. दांडा पुढे लावलेला होता.

"बारक्या, गिअर काढलास?"

"काढला गं! दाजी गेले, पण तू काही परीक्षा घ्यायची सोडू नकोस. फिरव."

फिरवला. हलेना. कोमट तेलावर हलका जायला हवा... हलेना. जोर लावला.

कुणीतरी मनगट धरलं.

बारक्या मागच्या चाकापाशी. दोन्ही हात खिशात.

"कोण...?"

पकड सुटेना. गार. ओळखीची.

मग ओढलं... एकदाच. मी बाजूला पडले. उठले. सीटवर चढले.

गाडी गिअरमध्येच होती.

बारक्या माझ्याकडे नाही, माझ्या मनगटाकडे बघत होता.

"ताई... दाजी... त्या दिवशीपण दांडा मीच..."

पुढचं आजपर्यंत बोललेला नाही.

हे बघा मनगट. काळ्या तेलाची चार बोटं. रॉकेलनं धुतली, राखेनं घासली. जात नाहीत.

लोक अजून म्हणतात, मिस्त्री विसरले. म्हणोत. वर्षभर माझ्या हातचं जेवला आणि मेलेल्या माणसावर ढकलून मोकळा झाला, तो माझ्याच पाठचा आहे. बारक्या.